पाटी लावायला आलेल्यांना

या, आत या. बूट झाडून या.
आणि ती पाटी वाचून दाखवा, मोठ्यानं,
डाव्या कानानं मला आता फक्त वारा ऐकू येतो.

‘या घरी डॉक्टर आल्ब्रेख्त फॉन रोडेनाउ यांनी
टिकणाऱ्या दिव्याचा शोध लावला.’

बरं.
लावला असेल.
शोध लावतात, दिवा लावतात,
नाव लावतात, पाटी लावतात,
शब्द एकच पुरतो सगळ्याला.

मी नऊ वर्षांची होते.
थुरिंगियाच्या या डोंगरात तेव्हा घरोघरी काच फुंकायचे,
जेवायच्या टेबलावरच:
एका टोकाला बटाटे, दुसऱ्या टोकाला ज्योत.
वडिलांचे, योब्स्टचे, गाल झोपेतही फुगलेले.
आई पाठीवर टोपली घेऊन डोंगर उतरायची
बाहुल्यांचे डोळे विकायला.
दोनशे निळे डोळे पाठीवर.
म्हणायची, मागून कोण येतंय ते बरोबर कळतं.

डॉक्टर बर्लिनहून आले.
कागदावर नाशपातीसारखं काहीतरी काढलेलं.
म्हणाले, असं फुंका.
वडिलांनी फुंकलं. तडकलं.
पातळ करा. तडकलं.
मान आखूड करा.
अख्खा हिवाळा तो.
फुटलेले मी मोजायचे, दोनशे बारापर्यंत मोजले,
मग डॉक्टर म्हणाले, पोरीला दुसरं काम द्या.

आत जळायला काय घालायचं, तेही ठरत नव्हतं.
सुती धागा कोळसा करून पाहिला,
अंबाडी, पाइनची साल,
पाद्रीबाबांच्या झग्याची एक दशी, न विचारता.
आणि एकदा माझा केस.
मी वेणी सोडली. त्यांनी सराफासारखा
उजेडात धरून एक निवडला.
पापणी लवते ना, तेवढा वेळ मी उजळले.
तुमच्या वहीत हे नसेल.

आणखी एक नसेल.
वडील फुंकायचे, तो त्यांचा श्वास काचेत राही.
डॉक्टर पाऱ्याचा पंप लावून
रात्रभर तो ओढून काढत.
जरासा उरला, की आतली तार जळून जाई.
तो पुरता गेला, तरच उजेड.
वडील शेजारी बसून बघायचे.
एकदा म्हणाले,
‘किती जपून घालवतायत मला.’
कोणी हसलं नाही.

मग फेब्रुवारीत एक टिकला.
कोंबडा आरवला तरी टिकला, दूधवाली येऊन गेली तरी.
डॉक्टर माझ्या आईच्या ओल्या हातांवर कपाळ टेकून रडले.
माणूस वाईट नव्हता, हे लिहून घ्या.
अख्ख्या गोळ्यांचे पैसे त्यांनी पैन्‌पै दिले.
फुटलेल्यांचे नाही. ते करारात नव्हतं.

त्या वसंतात वडिलांनी एक गोळा स्वतःसाठी फुंकला
आणि ज्योतीवर त्याचं तोंड बंद करून टाकलं.
आत तार नाही, काही नाही.
खिडकीत टांगला.
सहा वर्षांनी ते गेले, छातीच्या दुखण्यानं.
गोळा राहिला, पन्नासाला दोनच वर्षं कमी.

गेल्या नाताळात मांजरानं पाडला.
आवाज एवढासा, चमचा पडावा तसा.
आणि मी, साठीला टेकलेली बाई,
गुडघ्यांवर बसले, तोंड उघडलं
आणि श्वास घेतला.
मावेल तेवढा. कोंडून धरला.
शेगडीचा वास आला, मांजराचा,
थोडा कालच्या कोबीचा.
मग सोडावाच लागला.

असो. कॉफी आहे, पण साखर संपली.
लावा तुमची पाटी, दारावरच लावा.
खिळा तेवढा हळू ठोका.
भिंतीपलीकडे भाचा डोळा करतोय बाहुलीचा,
हात हलला तर
ती जन्मभर तिरळं बघते.